बॅटरी संपली, खेळ वाचला: निकोला साल्मोरिया यांचे ऋण

१/
मुस्तफा कैरो हे नाव इतिहासाच्या एकाही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. तरीही १९९० च्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षे आपल्या शहरांतील व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्यांनी दुपारी घालवल्या, त्यांना ते सांगावे लागत नाही. खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये आणला. त्यात निवडीसाठी चार पात्रे होती; पण भारतातील मुलांनी त्यांतील एकाला असे आपलेसे केले की सगळा खेळच ‘मुस्तफा’ झाला. आजचा धागा या खेळापासून सुरू होतो आणि इटलीतील एका गणिताच्या विद्यार्थ्यापाशी पोहोचतो.

२/
प्रथम एक विचित्र वस्तुस्थिती. लक्षावधी मुलांच्या आठवणीत असलेला हा खेळ घरगुती कन्सोलवर कधी आलाच नाही. तो मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकाराच्या चित्रकथांवर आधारलेला आहे. म्हणजे खेळ कॅपकॉमने घडवला असला, तरी पात्रे आणि कथाविश्व दुसऱ्याच्या मालकीचे. कॅपकॉमने २०१८ मध्ये आपल्या जुन्या मारामारीच्या सात खेळांचा संच नव्याने विक्रीस काढला, त्यातही ‘मुस्तफा’ नव्हता. पैसे मोजायची तयारी असलेल्या माणसालाही जो खेळ सरळ मार्गाने घेता येत नाही, त्याचे पुढे काय होते?

३/
यंत्र आहे तोवर खेळ आहे, असे आपण म्हणू. पण त्या यंत्राच्या पोटातच त्याचा मृत्यू ठेवलेला होता. या खेळाच्या बोर्डावर ध्वनीचे काम पाहणारा ‘काबुकी’ नावाचा प्रोसेसर आहे. त्याचा प्रोग्रॅम सांकेतिक रूपात साठवलेला असतो आणि तो उलगडण्याची किल्ली एका छोट्या बॅटरीच्या आधारावर स्मृतीत टिकून राहते. नकलाकारांना रोखण्यासाठी केलेली ही तजवीज. मात्र बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते, आणि अस्सल बोर्डही आपलाच प्रोग्रॅम वाचू शकत नाही. संग्राहक या बॅटरीला ‘आत्मघाती बॅटरी’ म्हणतात.

४/
तरीही हा खेळ आज जसाच्या तसा चालताना पाहता येतो. ते शक्य झाले ‘मेम’ या प्रकल्पामुळे. मेम म्हणजे ‘मल्टिपल आर्केड मशीन एम्युलेटर’: अनेक आर्केड यंत्रांची हुबेहूब नक्कल साध्या संगणकावर उभी करणारा प्रोग्रॅम. त्याची सुरुवात निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने केली, तीही हौस म्हणून. या माणसाला आपण ‘गेम खेळणाऱ्यांचा उपकारकर्ता’ एवढ्यावर सोडून देतो. माझे मत असे की त्यांची जागा इतिहासाची साधने वाचवणाऱ्यांच्या पंक्तीत आहे. ते का, हे आता पाहू.

५/
साल्मोरिया हे सिएनाचे. मध्ययुगीन चौकासाठी आणि त्या चौकात होणाऱ्या घोड्यांच्या शर्यतीसाठी प्रसिद्ध असलेले टस्कनीतील हे शहर. अमिगा संगणक वापरणाऱ्यांना त्यांचे नाव ‘न्यूआयकॉन्स’ या प्रणालीमुळे आधीच ठाऊक होते. १९९६ च्या अखेरीस त्यांनी ‘पॅक-मॅन’च्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. पुढे तशाच आणखी काही यंत्रांसाठी लिहिलेले प्रोग्रॅम त्यांनी एकत्र केले आणि ५ फेब्रुवारी १९९७ रोजी मेमची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तेव्हा त्यात बोटांवर मोजता येतील एवढेच खेळ होते.

६/
हे काम नेमके काय असते? १९८० च्या ‘पॅक-मॅन’चेच उदाहरण घेऊ. त्या यंत्राचा मेंदू म्हणजे सेकंदाला सुमारे ३० लाख ठोके देणारा झेड-८० प्रोसेसर. संपूर्ण प्रोग्रॅम १६ किलोबाइटचा, चार चिपांत वाटलेला. पडदा २२४ बाय २८८ ठिपक्यांचा. आजच्या फोनमधील एका छायाचित्राच्या जागेत असे शेकडो ‘पॅक-मॅन’ मावतील. पण या १६ किलोबाइटना स्वतःचा असा अर्थ नसतो. कोणता आकडा ही आज्ञा, कोणता हा रंग, कोणता पत्ता ध्वनीच्या भागाकडे जातो, हे सारे त्या विशिष्ट बोर्डाच्या रचनेवर ठरते.

७/
म्हणून एम्युलेटर लिहिणाऱ्याला दोन कामे करावी लागतात. पहिले, चिपांतील मजकूर एकही अंक न चुकता उतरवून घेणे. दुसरे, तो मजकूर वाचणारे मूळ यंत्र प्रोग्रॅमच्या रूपाने पुन्हा उभे करणे: प्रोसेसरची प्रत्येक आज्ञा, पडद्याची प्रत्येक ओळ, काळाचे गणित. यंत्राची माहितीपुस्तिका क्वचितच हाती असते. बोर्डावरील तारांचा माग काढायचा, अंदाज बांधायचा, चालवून पाहायचे, चुकले की पुन्हा बसायचे. ज्यांनी मोडी लिपीतील एखादे पत्र भिंगाखाली धरून लावले आहे, त्यांना हा स्वभाव ओळखीचा वाटेल.

८/
मेमला अवघे काही महिने झाले असतील, तोच साल्मोरिया यांना राष्ट्रीय सेवेसाठी बाजूला व्हावे लागले. इटलीत तेव्हा ती तरुणांना सक्तीची होती. सुमारे सहा महिने प्रकल्पाची धुरा मिर्को बुफोनी या दुसऱ्या इटालियन प्रोग्रॅमरने वाहिली. हा प्रसंग लहान असला तरी सूचक आहे. हौशी कामांपैकी बहुतेक त्यांच्या कर्त्याच्या सवडीबरोबर संपतात. हे संपले नाही, कारण ते पहिल्यापासून दुसऱ्याच्या हाती देता येईल अशा रीतीने लिहिले जात होते. मूळ प्रोग्रॅम उघडा होता. कोणीही वाचावा, सुधारावा, आपल्याकडील यंत्राची माहिती त्यात भरावी.

९/
येथे मेमचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी समजला गेलेला विचार येतो. प्रकल्पाने स्वतःचा हेतू ‘जुने खेळ फुकट खेळायला मिळावेत’ असा कधीच सांगितला नाही. यंत्रे कशी चालत होती याची नोंद करणे हा हेतू; खेळ खेळता येतो ही त्या नोंदीच्या अचूकतेची खूण. म्हणूनच वेग कमी झाला तरी चालेल, पण मूळ यंत्राचे वर्तन बदलता कामा नये, असा आग्रह या प्रकल्पात वारंवार धरला गेला. खेळणारे त्यावर चिडत. पण सोयीसाठी मूळ पाठात बदल करणारा संपादक आपण विश्वासार्ह मानतो का?

१०/
आता साल्मोरिया यांच्या कामातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा अध्याय. कॅपकॉमची ‘सीपीएस-२’ ही यंत्रप्रणाली १९९३ मध्ये आली. तिच्यात ध्वनीचाच काय, मुख्य प्रोग्रॅमही सांकेतिक होता, आणि किल्ली पुन्हा बॅटरीच्या भरवशावर. कित्येक वर्षे ती कोणाला उलगडली नाही. २००१ च्या सुमारास ‘रझूला’ या टोपणनावाने काम करणाऱ्या अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती शोधली: जिवंत बोर्डाकडूनच त्याचा प्रोग्रॅम उलगडून घ्यायचा. युक्ती मोठी हुशारीची, पण तिला मर्यादा होती. प्रत्येक खेळासाठी बॅटरी शाबूत असलेला एक तरी बोर्ड हाती हवा. मेलेला साक्षीदार साक्ष देत नाही.

११/
जानेवारी २००७ मध्ये आंद्रेआस नाईव्ह या नावाने लिहिणारा अभ्यासक आणि साल्मोरिया यांनी त्या संकेताची मूळ गणिती पद्धतच शोधून काढली. ती दोन भागांची होती. प्रत्येक भागात मजकुराचे दोन तुकडे करून चार फेऱ्यांत ते एकमेकांत मिसळले जात, आणि मजकूर कोणत्या पत्त्यावर आहे यावरही उत्तर अवलंबून असे. म्हणजे तोच आकडा दोन जागी दोन अर्थांचा. आधीच्या प्रयत्नांनी एकेक पत्र वाचले होते. या शोधाने लिपीच वाचता आली. तीही नफ्याच्या आशेविना, आणि शोध लागताच सर्वांसमोर मांडून.

१२/
या ज्ञानाची फळे केवळ संगणकाच्या पडद्यापुरती राहिली नाहीत. २०१६ मध्ये एदुआर्दो क्रूझ, आर्तेमिओ उर्बिना आणि इयान कोर्ट या अभ्यासकांनी बॅटरी संपून मृत झालेल्या सीपीएस-२ बोर्डांत किल्ली पुन्हा भरण्याची पद्धत जाहीर केली. निकामी म्हणून कपाटात ठेवलेली मूळ यंत्रे पुन्हा सुरू करणे शक्य झाले. निर्मात्याने रचलेला यंत्राचा अंत अशा रीतीने हौशी लोकांनी मागे फिरवला. एखादी ज्ञानशाखा प्रौढ झाल्याची ही खूण मी मानतो.

१३/
मराठी वाचकाला येथे इतिहासाचार्य राजवाडे आठवणे स्वाभाविक आहे. वाईला सापडलेल्या कागदपत्रांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि ते काम बावीस खंडांपर्यंत गेले. त्यामागे कोणत्याही सरकारी खात्याची आज्ञा नव्हती. वाळवी आणि ओल यांच्याशी चाललेली ती शर्यत होती. दप्तराच्या मालकाला त्याचे मोल बहुधा माहीत नसे. तुलना कर्तृत्वाच्या उंचीची नाही, परिस्थितीच्या जातीची आहे. मालक उदासीन, साधन नाशवंत, संस्था अजून जन्मायची, आणि एका माणसाला मात्र घाई झालेली.

१४/
आता आक्षेपांकडे. पहिला आणि सर्वांत गंभीर: हे चोरीला प्रोत्साहन नाही का? हा प्रश्न झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. मेममध्ये व्यापारी खेळांचा मजकूर नसतो. तो प्रकल्प यंत्राची नक्कल तेवढी देतो. पण खेळांच्या प्रती इतरत्र बेकायदा वाटल्या जातात आणि त्या चालवायला लोक मेमच वापरतात, हे सर्वांना ठाऊक आहे. बाजारात ‘एकात शेकडो खेळ’ म्हणून विकल्या गेलेल्या कित्येक पेट्यांत मेमच घातलेले होते, तेही त्याच्या जुन्या परवान्यात व्यापारी वापरास मनाई असताना. म्हणजे खेळांच्या मालकांइतकेच हे हौशी लोकही लुटले गेले.

१५/
पण साधन आणि त्याचा गैरवापर यांत कायद्यानेही भेद केला आहे. सोनी आणि कनेक्टिक्स यांच्यातील खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००० मध्ये असा निर्णय दिला की, यंत्राचे कार्य समजून घेण्यासाठी केलेली मधली नक्कल न्याय्य वापरात मोडू शकते. मेमनेही २०१६ मध्ये आपला जुना परवाना सोडून मुक्त प्रणालींचे सर्वमान्य परवाने स्वीकारले. आता मुदतींचा मेळ घालून पाहा. अमेरिकेत कंपनीच्या नावावरील कृतीचे हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षे टिकतात. बोर्डावरील बॅटरी काही वर्षांत संपते. हक्क संपेपर्यंत थांबा, असे सांगणे म्हणजे वस्तू नष्ट होईपर्यंत थांबा, असे सांगणे.

१६/
हक्कधारक आपला ठेवा स्वतः जपतील, असे उत्तर काही जण देतात. अनुभव वेगळा आहे. ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असे दिसले की, २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. ग्रंथालयांनी असे खेळ अभ्यासकांना दूरस्थ पद्धतीने पाहू द्यावेत, या मागणीला अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नकार दिला. ज्याला विक्रीत रस नाही, त्याने अभ्यासालाही दार बंद ठेवावे, ही भूमिका मला मान्य होत नाही. मालकी हा हक्क आहे. विस्मृतीत ढकलण्याचा परवाना नव्हे.

१७/
दुसरा आक्षेप मला अधिक विचारात पाडतो. मेम हे शेकडो लोकांचे काम. मग एकट्या साल्मोरिया यांचा गौरव का? आक्षेपात तथ्य आहे. पहिल्या आवृत्तीतील झेड-८० ची नक्कल मार्सेल दे कोगेल यांनी लिहिलेली होती. पुढे डेव्हिड हेवूड, एरन जाइल्स, अँजेलो सालेसे, मिओद्राग मिलानोविच यांनी प्रकल्पाचे समन्वयन केले. बोर्ड विकत घेऊन चिपा वाचणाऱ्यांची नावे तर याहून कितीतरी अधिक. पण साल्मोरिया यांचा विशेष गुण मला याच यादीत दिसतो. त्यांनी घर असे बांधले की पुढे मालक बदलत गेले तरी छप्पर गळले नाही. सोडून देता येणे हीही थोरवीच.

१८/
तिसरा आक्षेप आपल्या घरातलाच: खेळ म्हणजे का इतिहास? पोरांचे वेळ घालवणे ते! वाचकहो, खेळणी, नाणी आणि चूल यांच्या अवशेषांवरून आपण नगरे ओळखतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले, त्यांत ‘पॅक-मॅन’ही होता. आपल्याकडे तर प्रश्न अधिक जवळचा आहे. शाळा सुटल्यावर कोण कुठे जमत असे, खेळासाठी नाणे कोण काढत असे, एका पडद्यासमोर कोणत्या घरांतील मुले खांद्याला खांदा लावून उभी राहत, हा १९९० च्या दशकातील शहराचा सामाजिक इतिहास आहे. त्यातील एक वस्तू शाबूत उरली, तर तिच्याभोवतीच्या आठवणी तपासून पाहता येतात.

१९/
इतिहासात साधन वाचवणाऱ्याचे नाव बहुधा तळटीपेत जाते. ज्या खेळाने कंपनीला पैसा मिळाला, त्याच्या निर्मात्याचे नाव आपण घेतो. जे रास्तच आहे. पण तो खेळ तीस वर्षांनी पाहता यावा म्हणून ज्याने रात्री जागवल्या, त्याला मात्र आपण ‘हौशी’ म्हणून बाजूला करतो. जणू पगार न मिळणे हा विद्वत्तेतील उणेपणा आहे! साल्मोरिया यांनी २००२ मध्ये सिएना विद्यापीठातून गणिताची पदवी घेतली, तेव्हा त्यांचा प्रबंध मेमवरच होता. एका विद्यापीठाने या कामाला अभ्यासाचा दर्जा दिला होता. आपण अजून का कचरतो?

२०/
हा प्रश्न परदेशी खेळांपुरता आहे असे समजू नका. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर वेगवेगळ्या फाँटांत, वेगवेगळ्या सांकेतिक मांडणीत टंकित होत असे. पुण्यात घडलेली ‘श्रीलिपी’ त्यांपैकी एक. त्या काळची एखादी फाइल आज उघडून पाहा: अक्षरांऐवजी चिन्हांचा चिखल दिसतो. अंक शाबूत आहेत. अर्थ सांगणारे यंत्र हरवले आहे. ‘पॅक-मॅन’चे १६ किलोबाइट आणि एखाद्या लहान मासिकाचा १९९५ चा दिवाळी अंक यांची अडचण अगदी एकच आहे. दोघांनाही कोणीतरी बसून, तक्ते जुळवून, मूळ यंत्राचे वागणे समजून घेणारा हवा.

२१/
म्हणून गौरव करायचा तर हार-तुऱ्यांनी नको. तीन गोष्टी पुरेत. एक: जुन्या खेळाविषयी लिहिताना तो ज्यांच्या श्रमामुळे पाहता आला, त्यांची नावे नोंदवा, जशी आपण दप्तराची आणि संपादकाची नोंद करतो. दोन: घरातील जुनी फ्लॉपी, सीडी किंवा हार्ड डिस्क भंगारवाल्याला देण्याआधी तिची प्रत काढा, आत काय आहे हे नंतर ठरवता येईल. तीन: प्रोग्रॅमिंग येत असेल तर एखाद्या जुन्या मराठी फाँटाचा तक्ता तयार करून सर्वांसाठी खुला ठेवा. काम लहान आहे, पण ‘पॅक-मॅन’ही लहानच होता.

२२/
‘मुस्तफा’ खेळलेली ती पार्लरे आता बहुतेक ठिकाणी उरलेली नाहीत. तेथे मोबाइलची किंवा औषधांची दुकाने आली असतील. बोर्ड भंगारात गेले, बॅटऱ्या संपल्या, हक्कांचा गुंता तसाच राहिला. तरीही त्या खेळाचा प्रत्येक ठोका आज तपासता येतो, कारण सिएनातील एका विद्यार्थ्याने एका हिवाळ्यात दुसऱ्याच एका खेळासाठी सुरुवात केली आणि नंतर ती सर्वांच्या स्वाधीन केली. ‘मुस्तफा’ हे नाव त्यांच्या कानावर कधी पडले असेल किंवा नसेलही. ऋण मात्र आपल्यावर आहे, आणि ते मान्य करण्यास त्यांच्या ओळखीची गरज नाही.

धागा समाप्त. तुमच्या घरातील सर्वांत जुनी डिस्क कोणत्या वर्षाची आहे आणि ती अजून उघडते का, हे तपासून अवश्य कळवा.